सरकारच्या खर्चाचा पंचनामा कोण करणार?

अतिवृष्टीत पीक वाहून गेलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हेक्टरी साडेआठ हजार रुपये मिळवायला काय काय करावं लागतं, ते मराठवाड्यात कुणालाही विचारा. तलाठ्याची वाट पाहायची. तो आला की चिखलात उभं राहून पंचनामा करून घ्यायचा. सातबारा द्यायचा, आधार द्यायचं, पासबुकाची झेरॉक्स द्यायची. मग यादी तहसीलला जाते. यादीत नाव आलंच तर त्यात एखादी वेलांटी चुकलेली निघते, 'शेख'चं 'शेक' झालेलं असतं. ते दुरुस्त झालं की ई-केवायसीसाठी रांग. नंबर लागतो तेव्हा कामाने झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही.

एवढं सगळं साडेआठ हजारांसाठी. आणि त्यावर आपली तक्रार नाही, असंच आपण धरून चालू. पैसा जनतेचा आहे, खातरजमा व्हायला हवी.

आता दुसऱ्या बाजूला या. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांनी पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन जुलैतच संपलं होतं. पुढचं अधिवेशन नागपूरला ८ डिसेंबरला सुरू झालं. मधले दोन महिने या आकड्याचा पंचनामा कुणी केला? यातला कोणता रुपया राज्याच्या तिजोरीतून, कोणत्या लेखाशीर्षाखाली, कोणत्या तारखेला जाणार, हे निवडून आलेल्या २८८ जणांपैकी किती जणांना ठाऊक होतं?

हा आकडा एका पिशवीत ठेवलेल्या नोटांचा नव्हता, म्हणून हा प्रश्न. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि वर तीन लाख रोजगार हमीतून, असं त्यात होतं. रोजगार हमीचा पैसा वेगळ्या कायद्याचा, वेगळ्या हिशेबाचा. विमा उतरवलेल्या शेतकऱ्याला हेक्टरी १७ हजार पीक विम्यातून मिळतील, असंही सांगितलं गेलं. विम्याची भरपाई ही विमा कंपनीची देणी आहेत, सरकारची मदत नव्हे. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १० हजार, हा मात्र खरा नवा पैसा. रस्ते-पुलांच्या दुरुस्तीचाही खर्च त्यातच. हे सगळं एका बेरजेत घातलं की आकडा डोळे दिपवतो. पण शेतमजुराचा बुडालेला रोज त्यात कुठे बसतो? बटईने शेत करणाऱ्याचं नाव सातबारावर नाही, तो कुठे बसतो? गावोगावच्या कित्येक मुसलमान घरांत सातबाराच नाही. मजुरी आहे, हातगाडी आहे, बकऱ्या आहेत, भाड्याचं दुकान आहे. हे प्रश्न पत्रकार परिषदेत विचारून भागत नाही. ते सभागृहात विचारायचे असतात, कारण तिथे मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर कागदावर राहतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. संकटात सरकारने सभागृहाची वाट पाहत बसावं, असं मी म्हणत नाही. पूर आला की आधी होड्या हलवाव्यात, कागद नंतर. पण ज्या खर्चाला आधी परवानगी घेतलेली नाही, त्याचा हिशेब इतर कोणत्याही खर्चापेक्षा लवकर आणि जास्त तपशिलात यायला हवा. आपल्या राज्यात नेमकं उलटं चालतं. परवानगीही उशिरा, हिशेब त्याहून उशिरा, आणि काही बाबतींत हिशेब नाहीच. हे एका पक्षाचं पाप नाही. २०१९पासून महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष सत्तेत बसून गेला आहे, आणि जो बसला त्याने हेच केलं.

राज्यघटनेने यासाठी रस्ता आखून ठेवलाय. विधानसभेच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा काढता येत नाही, हा मूळ नियम. पण अचानक गरज आली तर? म्हणून अनुच्छेद २६७ प्रमाणे राज्याला आकस्मिकता निधी ठेवता येतो. त्यातून आगाऊ रक्कम उचलायची, काम भागवायचं, आणि नंतर सभागृहाची मंजुरी घेऊन तो निधी पुन्हा भरायचा. अनुच्छेद २०५ प्रमाणे पुरवणी मागण्या आणायच्या. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झालाच, तर तोही सभागृहासमोर येऊन नियमित करून घ्यायचा. म्हणजे घटनाकारांना संकट माहीत होतं. ते काही वातानुकूलित खोलीत बसून घटना लिहीत नव्हते. फाळणीचे जथे रस्त्यावर असताना लिहीत होते. तरीही त्यांनी हिशेबातून सूट दिली नाही. सूट दिली ती फक्त वेळेची.

महाराष्ट्राच्या आकस्मिकता निधीची कायम मर्यादा १५० कोटींची आहे. एवढ्या मोठ्या राज्याला ही रक्कम चिल्लरच. मग गरज पडली की अध्यादेश काढून मर्यादा तात्पुरती वाढवायची, पैसे उचलायचे आणि पुढच्या अधिवेशनात निस्तरायचं, ही इथली जुनी वहिवाट. कॅगच्या अहवालांत ती वर्षानुवर्षे नोंदली जाते आणि कुणाची झोप उडत नाही.

नोव्हेंबर २०१९ आठवा. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. कुणाचंच सरकार बनेना. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. अवकाळी पावसाने शेतकरी उघड्यावर पडला होता. राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी आठ हजारांची मदत जाहीर केली. २३ तारखेला पहाटे राजवट उठली आणि सकाळी टीव्ही लावला तर शपथविधी होऊन गेलेला. २५ नोव्हेंबरला, बहुमताचा वाद सर्वोच्च न्यायालयात सुरू असताना, मुख्यमंत्र्यांनी आकस्मिकता निधीतून शेतकऱ्यांसाठी ५,३८० कोटी रुपयांना मंजुरी दिली. २६ला त्यांनी राजीनामा दिला. आणि २७ला, हो, २७ला, निवडून आलेल्या आमदारांनी सदस्यत्वाची शपथ घेतली.

म्हणजे १५० कोटींच्या निधीतून त्याच्या जवळजवळ ३६ पट रकमेला मंजुरी देणाऱ्या सरकारने सभागृहात एक मतही मिळवून दाखवलेलं नव्हतं, कारण सभागृहाचे सदस्यच अजून सदस्य झाले नव्हते. शेतकऱ्याला मदत मिळायला नको होती का? नक्कीच हवी होती, महिनाभर आधीच हवी होती. पण त्या दिवशी कुणी विचारलं का, की हा निर्णय घेण्याचा अधिकार या माणसांकडे किती आहे? विरोधकांना खुर्चीची चिंता होती, माध्यमांना कोणते आमदार कोणत्या हॉटेलात आहेत याची. ५,३८० कोटी ही त्या आठवड्यातली सर्वांत लहान बातमी होती. नंतर आलेल्या सरकारनेही मागे वळून तो प्रश्न धसाला लावला नाही. का लावेल? उद्या तीच सोय आपल्यालाही लागणार असते.

अपवाद म्हणून दिलेला अधिकार सवय कसा बनतो, हे पुण्याच्याच एका प्राध्यापकाने देशाला दाखवून दिलंय. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमिनीच्या प्रश्नावर काम करत होते. कागद चाळताना त्यांच्या लक्षात आलं की तिथे कायदे सभागृहात होतच नाहीत, अध्यादेशाने होतात. १९६७ ते १९८१ या काळात बिहारने २५६ अध्यादेश काढले आणि मुदत संपली की तेच पुन्हा काढले. काही तर १४ वर्षं तसेच जिवंत ठेवले. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये निकाल लागला, आणि ही पद्धत म्हणजे राज्यघटनेशी केलेली लबाडी आहे, असं न्यायालयाने ठरवलं. हे सगळं एका माणसाने राजपत्रं मोजून केलं. आपल्याकडे आता सरकारी निर्णय वेबसाइटवर बसल्याजागी मिळतात, पण मोजणारे कुठे आहेत?

आता करोनाकडे या, कारण आणीबाणीच्या खर्चाचा खरा धडा तिथे आहे.

१४ मार्च २०२० रोजी अर्थसंकल्पी अधिवेशन आटोपतं घेतलं. त्या वेळी ते बरोबरच होतं. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, असं घटना सांगते. पुढचं अधिवेशन भरलं ७ सप्टेंबरला, मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला असताना. तेही दोन दिवसांचं. प्रश्नोत्तराचा तास नाही, लक्षवेधी नाही. पहिल्या दिवशी २९,०८४ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या, दुसऱ्या दिवशी मंजूर. डिसेंबरमध्ये पुन्हा दोन दिवस, २१,९९२ कोटी. जुलै २०२१ मध्ये पुन्हा दोन दिवस, २३,१४९ कोटी. या शेवटच्या अधिवेशनात तर विरोधी पक्षाच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं. ते निलंबन घटनाबाह्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं. तिन्ही अधिवेशनं मिळून सहा दिवस आणि ७४ हजार कोटींहून जास्त. त्या काळात न्यायालयं व्हिडिओवर चालली, शाळा मोबाइलवर चालल्या, निकाहही झूमवर लागले. राज्याच्या पैशाचा हिशेब विचारणारं सभागृह तेवढं चालू शकलं नाही.

आणि संकटाच्या नावाखाली फक्त खर्च होतो, असं नाही. खर्च थांबवलाही जातो. मार्च २०२० मध्ये विधानसभेने वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर केला होता. ४ मे रोजी वित्त विभागाने शासन निर्णय काढला की विकास योजनांना मंजूर तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल. आरोग्य, अन्नपुरवठा, मदत-पुनर्वसन यांना प्राधान्य, बाकीच्यांनी हात आखडायचा, नवी कामं नाहीत, नवी भरती नाही. तिजोरी आटली होती, हे मान्य. पण सभागृहाने दिलेल्या शंभर रुपयांतले ६७ रुपये एका कागदाने थांबले, आणि ते थांबवताना कुणाचे थांबवायचे हे मंत्रालयात ठरलं. वसतिगृह, शिष्यवृत्ती, स्वयंरोजगाराचं कर्ज, ज्या योजनांमागे मोठा आवाज नसतो त्या अशा वेळी सर्वांत आधी रांगेतून बाहेर काढल्या जातात. सभागृह बसलं असतं तर निदान एखादा आमदार उठून म्हणाला असता, की ही कुऱ्हाड कुठे पडतेय ते विभागवार सांगा.

इथे एक घरची गोष्ट सांगतो. त्या एप्रिलमध्ये आमच्या मोहल्ल्यात आम्ही रेशनची किटं वाटली. आटा, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती. हिशेबाची वही माझ्याकडे होती. दर शुक्रवारी संध्याकाळी ती वही चौकातल्या दुकानाच्या फळीवर उघडी ठेवायची आणि ज्याला बघायचं त्याने बघायचं, असा करार होता. एका शुक्रवारी एक चाचा, ज्यांनी स्वतः दोनशे रुपये दिले होते, चष्मा पुसून वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ये चालीस रुपये किसके?" तेलाचे डबे आणायला रिक्षा केली होती. पोलीस रस्त्यावर सोडत नव्हते, म्हणून लांबून फिरून आलो होतो, वगैरे मी सांगितलं. "तो लिख ना बेटा, रिक्षा. नुसतं किरकोळ काय लिहितोस?" मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. बारा बारा तास उभे राहून काम करतोय आणि म्हातारा चाळीस रुपयांसाठी अडवतोय. पण पुढच्या आठवड्यापासून मी 'किरकोळ' हा शब्द वहीत लिहिला नाही. आणि त्यामुळे किटं वाटायला एक दिवसही उशीर झाला नाही.

त्याच वर्षी सरकारी यंत्रणेला मात्र अशी मुभा होती की चाचांनी डोक्याला हात लावला असता. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५०. तातडीची खरेदी गरजेची आहे असं प्राधिकरणाला वाटलं की निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत माफ. आणि माल वापरला गेल्याचं प्रमाणपत्र नेमलेल्या अधिकाऱ्याने दिलं की तेच हिशेबासाठी वैध व्हाउचर. म्हणजे खरेदी करणाऱ्या व्यवस्थेतल्याच अधिकाऱ्याने लिहून द्यायचं की माल वापरला, आणि हिशेब पूर्ण. पहिल्या पंधरा दिवसांसाठी हे समजू शकतं, ऑक्सिजन संपत असताना तीन कोटेशनं कोण मागेल? पण या कलमाला तारीख नाही. किती दिवस सूट, कोणत्या दराच्या वर सूट नाही, किती दिवसांत सभागृहाला कळवायचं, याबद्दल ते गप्प आहे.

मग हिशेब मागितल्यावर काय होतं तेही पाहा. राज्य सरकारच्या विनंतीवरून कॅगने मुंबई महापालिकेच्या नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांचं विशेष लेखापरीक्षण हाती घेतलं. मार्च २०२३ मध्ये अहवाल विधानसभेत मांडला गेला. पण त्यातल्या करोनाच्या ३,५३८ कोटींच्या खर्चाची तपासणी झालीच नाही. महापालिकेने साथरोग कायद्याचा हवाला देऊन कागदपत्रं दिली नाहीत. हा कायदा १८९७चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईत केलेला. चांगल्या हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, एवढं संरक्षण त्यात आहे. हिशेब दाखवू नका, असं त्यात कुठेही नाही. आणि गंमत बघा, नकार आला तेव्हा महापालिकेत नगरसेवक नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासक बसला होता, राज्य सरकारने बसवलेला. तपासणी मागणारं सरकारच, आणि कागद न देणारा अधिकारीही त्याच सरकारने नेमलेला. त्या अहवालावर सभागृहात एकमेकांवर आरोपांच्या फैरी झडल्या. 'हे ३,५३८ कोटींचे कागद आठ दिवसांत टेबलावर ठेवा' एवढा साधा आदेश मात्र निघाला नाही. सत्ताधाऱ्यांना विरोधकांची बदनामी पुरेशी होती. विरोधकांना कागद बाहेर न येणं सोयीचं होतं.

इथवर खऱ्या संकटाचं बोललो. आता खोट्या संकटाचं, म्हणजे पुरवणी मागण्यांच्या नावाने चाललेल्या समांतर अर्थसंकल्पाचं.

पुरवणी मागणी ही वर्षाच्या सुरुवातीला दिसला नव्हता अशा खर्चासाठी असते. २८ जून २०२४ रोजी त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला. ९ जुलैला ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या. मधल्या अकरा दिवसांत कोणतं आभाळ फाटलं होतं? त्यातले २५ हजार कोटी लाडकी बहीण योजनेचे होते. निवडणूक चार महिन्यांवर आली होती. मला त्या योजनेवर राग नाही. आमच्या वस्तीतल्या बायका त्या दीड हजारांत गॅस सिलिंडर भरतात, पोरांची फी भरतात. पण हा काही पूर नव्हता. पुढच्या वर्षी अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा. त्यावर पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी आणि हिवाळी अधिवेशनात ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्या. म्हणजे शंभर रुपयांच्या अंदाजावर आणखी एकोणीस रुपये. यातला काही भाग हिशेबातल्या फेरफाराचा असतो, तिजोरीवरचा खरा बोजा कमी असतो, हे सांगायला हवं. तरीही घरचा खर्च दरवर्षी इतका चुकत असेल, तर अंदाज करणाऱ्याला अंदाज येत नाही किंवा त्याला तो सांगायचा नाही, यांतलं एक खरं. आणि कॅग दुसरीकडे सांगतं की कित्येक विभागांत पुरवणीची रक्कम लागलीच नाही, मूळ तरतूदच पूर्ण खर्च झाली नाही.

या पुरवणीच्या पुस्तकात खरी मेख अशी की सगळं एकत्र असतं. पूरग्रस्तांची मदत, लाडकी बहीण, कुंभमेळा, वीजबिलाची सवलत, सगळ्यांवर एकाच विनियोजन विधेयकाने शिक्का. आमदाराने रस्त्याच्या एखाद्या कंत्राटाला आक्षेप घेतला की समोरून उत्तर तयार, 'तुम्हाला पूरग्रस्तांना मदत नको आहे काय?' पूरग्रस्ताला असं पुढे उभं करून त्याच्या आडून बाकीचा माल पार होतो. विधानसभेला मागणी नाकारण्याचा, कमी करण्याचा अधिकार आहे, कपात सूचना आहे. पण सायंकाळी वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात, 'होय'चा आवाज होतो, आणि हजारो कोटी पाच मिनिटांत निघून जातात. डिसेंबर २०२५च्या नागपूर अधिवेशनात तर दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेताच नव्हता. सात दिवसांचं अधिवेशन, ७५ हजार कोटी आणि समोरची खुर्ची रिकामी.

यावर अधिकारी मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं, की कॅग आहे ना, लोकलेखा समिती आहे ना. आहे, पण कॅगचा अहवाल येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातात. तो समितीपुढे यायला आणखी. तोवर मंत्री बदललेला, सचिव निवृत्त, ठेकेदाराने कंपनीचं नाव बदललेलं. मेलेल्या माणसाचा रक्तदाब मोजण्यात काय अर्थ आहे?

करायला काय हवं, त्यात अवघड काहीच नाही. आकस्मिकता निधीतून रक्कम उचलली की पंधरा दिवसांत रक्कम, कारण आणि लेखाशीर्ष लिहून ते टिपण प्रत्येक आमदाराला जावं आणि त्याच दिवशी वेबसाइटवर यावं. आपत्तीच्या खर्चाची पुरवणी मागणी वेगळ्या पुस्तकात, वेगळ्या मताला यावी, म्हणजे पूरग्रस्ताच्या आड कुणाला लपता येणार नाही. लोकलेखा समितीने अधिवेशनाची वाट न पाहता, संकट चालू असतानाच दर महिन्याला बसावं. समितीचा अध्यक्ष विरोधी बाकावरचा असावा हा संकेत आहे. विरोधी बाक दुबळे झाले असतील तर तो संकेत जास्त कसोशीने पाळावा. कलम ५०खाली झालेल्या प्रत्येक खरेदीचा दर आणि पुरवठादाराचं नाव तीस दिवसांत जाहीर व्हावं. आणि कॅगने मागितलेला कागद देणार नाही, असं कोणत्याही कायद्याचं नाव घेऊन म्हणता येणार नाही, एवढी एक ओळ राज्याने लिहून टाकावी. यातल्या बहुतेक गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही. सभागृहाचा एखादा नियम आणि वित्त विभागाचं एखादं परिपत्रक पुरे.

मग हे होत का नाही? कारण मागणारं कुणी नाही. यात आपणही आलो. आपण आमदाराकडे कब्रस्तानच्या भिंतीसाठी जातो, सभागृहाच्या फरशीसाठी जातो, गटारावरच्या झाकणासाठी जातो. तो दहा लाखांचा निधी देतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. त्याने त्याच महिन्यात पाऊण लाख कोटींवर काय विचारलं, कोणती कपात सूचना दिली, हे आपण विचारत नाही. त्याला ठाऊक आहे की आपण विचारणार नाही. मुस्लिम आमदार सभागृहात मोजके, त्यांच्याकडून दंगली, आरक्षण आणि वक्फवर बोलण्याचीच अपेक्षा असते, आणि अर्थसंकल्पावर बोलणं म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी काम, असं आपणच ठरवून टाकलंय. कर आपणही भरतो. काडेपेटीपासून कफनाच्या कापडापर्यंत.

पुढचं अधिवेशन सुरू होण्याआधी एवढं करा. आपल्या आमदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, एक पत्र लिहा. त्यात विचारा: ऑक्टोबर २०२५च्या ३१,६२८ कोटींपैकी राज्याच्या तिजोरीतून प्रत्यक्ष किती गेले, रोजगार हमीतून किती, विम्यातून किती? आपल्या तालुक्यात किती जणांना मिळाले, आणि ई-केवायसी अडल्यामुळे किती जणांचे अडकले? सातबारा नसलेल्या किती कुटुंबांना काय मिळालं? तारांकित प्रश्न म्हणून हा द्याल का? पत्राची पोच घ्या. उत्तर आलं तर आम्हाला पाठवा, मराठीत असो की उर्दूत, आम्ही जसंच्या तसं छापू. नाही आलं, तर पत्राची तारीख आणि मतदारसंघाचं नाव कळवा. त्याचीही यादी छापू.